ओपीडी सोडू नकोस

प्रिय मुक्ता,

एमडी झाल्यावर पूर्णवेळ संशोधनात जायचं तू ठरवते आहेस. जा, पण आठवड्यातून एक दिवस तरी ओपीडी ठेव. डॉक्टर डेव्हिड सॅकेट यांनी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात क्लिनिकल एपिडेमिऑलॉजीचा, म्हणजे उपचारांचे पुरावे आकड्यांनी तपासण्याच्या शास्त्राचा, विभाग उभा केला, नाव झालं, आणि मग डॉक्टर म्हणून आपण कमी पडतोय असं वाटून पुन्हा रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं डॉक्टरी प्रशिक्षण, केली. रुग्ण दिसेनासे झाले की माणूस मोजायला सोप्या गोष्टी मोजत बसतो. हार्ट अटॅकनंतरचे अनियमित ठोके एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं छान दाबत होती. 1989 साली औषध आणि नकली गोळी यांची तुलना करणाऱ्या ‘कास्ट’ चाचणीचे आकडे आले तेव्हा कळलं, की ही औषधं घेणारेच जास्त दगावत होते.

सुरुवात सिस्टिमॅटिक रिव्ह्यूने कर, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे निबंध शोधून तपास. दोघांनी स्वतंत्रपणे निबंध निवडायचे, मतभेद तिसऱ्याने सोडवायचा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसऱ्यांच्या चाचण्या कुठे फसल्या ते त्यातच दिसतं.

पुष्कळ चाचण्या फसतात त्या रुग्णसंख्येत. समज, मृत्यूचं प्रमाण 10 टक्क्यांवरून 8 वर येईल अशी तुझी अपेक्षा आहे. जाहिरातीत हीच ‘20 टक्के घट’ होते. प्रत्यक्षात एक मृत्यू टाळायला 50 जणांना औषध द्यावं लागतं. हा फरक 80 टक्के पॉवरने (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता), पाच टक्के सिग्निफिकन्सला (फरक नसतानाही तो दिसण्याची शक्यता) पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे 3,200 रुग्ण हवेत. दहा टक्के मधेच सुटतील असं धरलं तर साडेतीन हजारांच्या वर. एका रुग्णालयाचं हे काम नव्हे. सुटणारे नुसते भरून काढूनही भागत नाही, कारण ते बहुधा जास्त आजारी किंवा औषधाचा त्रास झालेले असतात. त्यांचा फोन नंबर, नातेवाइकाचा नंबर पहिल्याच दिवशी घे.

दुसरी जागा रँडमायझेशनची, म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या गटात ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरवण्याची. यादी संगणकाने काढली म्हणजे झालं, असं नाही. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे भरती करणाऱ्याला कळता कामा नये. गट लिहिलेली बंद पाकिटं उजेडासमोर धरून वाचली जातात. औषध उघड असेल आणि ब्लॉक (दोन्ही गटांना सारखे रुग्ण देणारा यादीचा तुकडा) चारचाच असेल, तर तिघांचे गट पाहून चौथ्याचा ओळखता येतो. मग एखादा नाजूक रुग्ण ‘उद्या घेऊ’ म्हणून मागे राहतो, आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. म्हणून गट मध्यवर्ती केंद्राकडूनच मिळावा, तोही रुग्णाचं नाव नोंदल्यावर. ब्लॉकचा आकार बदलता ठेव आणि तो भरती करणाऱ्या रुग्णालयांना सांगू नकोस.

मुख्य परिणाम, म्हणजे औषधाचं यश कशावरून मोजायचं ते, एकच ठरव आणि पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणीची नोंदणी कर. 2005 पासून मोठी नियतकालिकं त्याशिवाय निबंध घेत नाहीत. लेखकांचा क्रमही तेव्हाच कागदावर आण. निकाल हाती आल्यावर तो विषय फार अवघड होतो.

प्रोटोकॉलचा, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्याचा, मसुदा झाला की पाठव. सांख्यिकीतज्ज्ञाला मात्र माझ्याआधी दाखव.

तुझे,
बाबा