त्या रेकॉर्डवर लाफारोचं नाव छापलेलं आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ या पुन्हा बाजारात आलेल्या रेकॉर्डवर पाऊण पानाचा लेख होता. मराठी वर्तमानपत्रात जॅझला पाऊण पान मिळालं याचा मला मनापासून आनंद झाला आणि त्याबद्दल आपले आभार. चहा बाजूला ठेवून लेख वाचायला घेतला. संपला तेव्हा वाटलं आपलंच काही सुटलं असेल, म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. लेखात जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स आहेत. त्यांचा चष्मा, पियानोवर वाकलेली मान, ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसबरोबरची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही रेकॉर्ड, व्यसन, एकटेपण, सगळं आहे. त्यांच्याबरोबर बास वाजवणाऱ्या स्कॉट लाफारोचं नाव कुठेही नाही. ड्रम्स वाजवणाऱ्या पॉल मोशनचंही नाही. बास आणि ड्रम्सची संयत साथ आहे, असं एका ओळीत सांगून दोघांना वाटेला लावलं आहे.

वर छायाचित्र. तिघांचा फोटो आहे तो, पण आपल्या पानावर एकटे एव्हान्स उरलेत. उजव्या कडेला डबल बासची, म्हणजे उभं धरून वाजवायच्या त्या माणसाएवढ्या तंतुवाद्याची, मान आणि तारांवरची चार बोटं तेवढी दिसतात. ती बोटं लाफारोची आहेत. कॉलमात बसवण्यासाठी फोटो कापावा लागतो हे मला समजतं, पण कापायला दुसरी बाजूही होती.

दुसऱ्या एखाद्या रेकॉर्डबाबत हे झालं असतं तर पत्र लिहायला बसलो नसतो. या रेकॉर्डबाबत हे चालणार नाही. मूळ कव्हर काढून पाहा. बिल एव्हान्स ट्रिओ, आणि त्याखाली ‘फीचरिंग स्कॉट लाफारो’. ज्याचं नाव कंपनीने १९६१ साली कव्हरवर छापलं, ते आपल्या समीक्षकांनी २१व्या शतकात गाळलं.

आणि ते नाव कव्हरवर का आलं? २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधल्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या जॅझ क्लबात तिघांनी दिवसभरात पाच सेट वाजवले, दोन दुपारी आणि तीन रात्री. रिव्हरसाइड कंपनीचे ओरिन कीपन्यूज सगळं टेपवर घेत होते. ३ जुलैला लाफारो न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झबरोबर वाजवून आला आणि ६ जुलैच्या पहाटे, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा या त्याच्या गावाजवळ, त्याची गाडी झाडावर आदळली. वय २५. व्हॅनगार्डला अकरा दिवस झाले होते. टेपांमधून रेकॉर्डसाठी काय घ्यायचं हे एव्हान्स आणि कीपन्यूज ठरवायला बसले ते त्याच्या मृत्यूनंतर, आणि त्यांनी निवडलं ते लाफारो जिथे भरभरून ऐकू येतो ते. सुरुवात ‘ग्लोरियाज स्टेप’ने, जी लाफारोची रचना. शेवट ‘जेड व्हिजन्स’ने, तीही त्याचीच. पियानोवादकाने स्वतःच्या नावाच्या रेकॉर्डचं दार आणि उंबरठा दोन्ही आपल्या बासवाल्याला देऊन टाकले. उरलेल्या टेपांमधून पुढच्या वर्षी ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ निघाली, जिच्याबद्दल लेखात बरंच आहे. एव्हान्स त्यानंतर कित्येक महिने ट्रिओ घेऊन स्टुडिओत गेले नाहीत. चक इझ्रेल्सला बासवर घेऊन ते परत उभे राहिले तेव्हा १९६२ साल उजाडलं होतं. लेखकाला एव्हान्स यांच्या वाजवण्यात जी व्याकूळता ऐकू आली, तिच्याबद्दल त्यांनी तीन परिच्छेद लिहिलेत. हा माणूस का मोडून पडला होता हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

आता वाजवण्याविषयी. त्या काळात बासवाल्याचं काम ठरलेलं असे. दर मात्रेला एक सूर द्यायचा, चालत राहायचं, वरच्यांना जमीन द्यायची. लाफारो ते करू शकत नव्हता असं नाही, करतोही. पण ‘सोलर’ ऐका. तो मधेच चालणं सोडून वरच्या सुरांत जातो, पियानोच्या वाक्याला उत्तर देतो, कधी वाक्य पुरं होण्याआधीच देतो, आणि एव्हान्स हात आखडता घेऊन त्याला वाट करून देतात. कोण पुढे, कोण मागे हे सांगता येत नाही. ‘जेड व्हिजन्स’ नऊ मात्रांत आहे, अतिशय संथ, आणि तिथे तो दोन-दोन तारा एकदम छेडून बासवरच स्वरसंगती उभी करतो. मोशन काठ्यांऐवजी तारांच्या ब्रशने ड्रम्स वाजवत तालाभोवती फिरत राहतात, ताल सरळ मोजून दाखवत नाहीत. जॅझचा पियानो ट्रिओ या दिवसानंतर बदलला असं जे म्हटलं जातं ते या तिघांच्या संभाषणामुळे. ते संभाषण काढून टाकलं तर लेखकाने ज्या क्रांतीचं वर्णन केलंय ती नेमकी कशात झाली?

लेखाच्या शेवटी एक सूचना आहे, की पेल्यांची किणकिण आणि श्रोत्यांची कुजबूज आधुनिक तंत्राने काढून टाकायला हवी होती. मी याला कडाडून विरोध करतो. ते तळघर होतं, लोक दुपारचं प्यायला आले होते, कुणी हसत होतं, पुष्कळांचं वाजवण्याकडे लक्षही नव्हतं. हे तिघे त्या गलक्यातच वाजवत होते आणि म्हणून इतकं हळू वाजवण्याची हिंमत कळते. शिवाय काचेची किणकिण आणि झांजेवर फिरणारा ब्रश यांचे आवाज त्याच उंच पट्ट्यात येतात. एक पुसायला जाल तर दुसरा खरवडला जाईल. म्हणजे मोशनचं नाव लेखातून गेलं, आता आवाजही जाणार. ‘ग्लोरियाज स्टेप’च्या पहिल्या टेकमध्ये, म्हणजे पहिल्यांदा टेपवर घेताना, वीज गेली आणि टेप अडखळली. २००५ साली सगळं ध्वनिमुद्रण तीन सीडींत निघालं तेव्हा तो टेकसुद्धा त्या अडखळण्यासकट ठेवला. जुन्या ध्वनिमुद्रणाशी असं वागायचं असतं.

मला हे इतकं का लागलं ते सांगतो. आमच्या लहानपणी ठाकूरद्वारला मागच्या बिल्डिंगमध्ये गोव्याचे एक अंकल राहत. डबल बास वाजवत. रात्री हॉटेलच्या बँडमध्ये आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. बास जिन्यावरून उतरवणं ही दोघांची हमाली. एकाने मान धरायची, दुसऱ्याने बूड, आणि वळणावर भिंतीला लागू नये म्हणून अंकल स्वतः मधे पाठ लावून उभे राहायचे. खाली टॅक्सीच्या टपावर गोधडी अंथरून तो बांधायचे. आम्ही मुलं मदतीला धावायचो, कारण मग रियाजाच्या वेळी खोलीत बसायला मिळायचं. मी भिंतीला पाठ लावून बसे. त्यांनी खालची जाड तार ओढली की आधी भिंतीत काहीतरी व्हायचं आणि मग कानात आवाज यायचा. बास म्हणजे काय ते मी पाठीने शिकलो.

त्यांच्याकडे रेडिओ होता, त्यावर व्हॉइस ऑफ अमेरिकावरचा विलिस कोनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम ते लावत. व्हॅनगार्डची रेकॉर्ड त्यांना बोटीवर वाजवणाऱ्या एका मित्राने आणून दिली होती. ती वाजत असताना घरात कुणी बोलायचं नाही. लाफारो वरच्या सुरांत शिरला की ते स्वतःचा डावा हात हवेत बासच्या मानेवर सरकवावा तसा सरकवत, डोळे मिटून.

सिनेमाच्या एका गाण्यात त्यांचा बास अंतऱ्याआधी चार मात्रा एकटा वाजतो. गाणं गाजलं, रेडिओवर दिवसातून कितीदा तरी लागायचं. ती जागा आली की अंकल बोट वर करून म्हणत, “आयक, हांव हांगा आसां.” (ऐक, मी इथे आहे.) रेकॉर्ड आली तेव्हा त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. गायिकेचं नाव, संगीतकाराचं, गीतकाराचं, चित्रपटाचं. त्यांनी ती परत पाकिटात घातली आणि कपाटावर ठेवून दिली. बोलले काहीच नाहीत. मी तेव्हा शाळेत होतो, पण त्या पाकिटाकडे पाहणारा त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. अँथनी गोन्साल्विस, सॅबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांची नावं आता आदराने घेतली जातात, तीही फार उशिरा, आणि ते तर अरेंजर, म्हणजे गाण्याची वाद्यसंगत बांधणारे, म्हणून नावाजलेले. मागच्या रांगेत उभं राहून बास वाजवणाऱ्याला कोण विचारतो? अंकल जाऊन बरीच वर्षं झाली. त्या गाण्याबद्दल आजही लेख येतात. मी प्रत्येक लेख शेवटपर्यंत वाचतो.

म्हणून काल ते पान वाचून संताप आला. जिथे नाव कुणी छापलंच नाही तिथे निदान अज्ञान समजू शकतो. इथे नाव छापलेलं होतं, कव्हरवर, मुद्दाम, मित्राच्या आठवणीसाठी.

हाच विषय निघाला आहे तर आणखी एक. आपल्या दैनिकात मैफलींच्या बातम्या येतात. डिसेंबरात सवाई गंधर्वच्या वेळी तर रोज येतात. गायकाने कोणता राग मांडला, कोणती बंदिश घेतली, टाळ्या किती पडल्या, सगळं नीट लिहिलेलं असतं. तबला आणि हार्मोनियमला मात्र “समर्पक साथ लाभली” एवढ्यावर सोडून देतात, आणि जागा कमी पडली की कात्री पहिली त्याच वाक्यावर चालते. तानपुऱ्यावर बसलेल्या विद्यार्थ्यांची नावं तर मी आपल्या अंकात कधीच वाचलेली नाहीत. अडीच तास मांडी न हलवता सूर धरून ठेवणाऱ्या मुलीचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात आलं तर तिच्या घरी तो अंक जपून ठेवतील. पूर्वी आपल्याकडे गुरुवारी मैफलींचं एक सदर यायचं, त्यात ही नावं हमखास असत. ते सदर बंद करून तिथे मोबाईलच्या जाहिराती येऊ लागल्या. ते पुन्हा सुरू करावं अशी माझी विनंती आहे. माझ्या ओळखीचे अनेक जण तेवढ्यासाठी गुरुवारचा अंक घेत.

समीक्षकांबद्दल माझ्या मनात आकस नाही. त्यांची भाषा चांगली आहे आणि एव्हान्स त्यांना खरोखर आवडतात हे ओळीओळीत कळतं. त्यांना एवढंच सांगणं, की रेकॉर्ड पुन्हा लावा आणि या वेळी पियानो सोडून फक्त बास ऐकत पहिली बाजू काढा. मग मोशनच्या ब्रशकडे कान ठेवून दुसरी. आणि त्यानंतर याच रेकॉर्डवर पुन्हा लिहा, मी पहाटे उठून वाचेन.

तोवर येत्या रविवारी पुरवणीत दुरुस्ती यायला हवी. ती आतल्या पानावर तळाला नको, ज्या पानावर लेख आला त्याच पानावर हवी, आणि फोटो पूर्ण छापून हवी. खाली तिघांची नावं द्यावीत: बिल एव्हान्स, पियानो, स्कॉट लाफारो, बास, पॉल मोशन, ड्रम्स.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
गिरगाव, मुंबई