विनयला पत्र: तुझी यादी मला मान्य नाही

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

तुझी जुन्या राक्षसपटांची यादी वाचली. ‘ड्रॅक्युला’ पहिला, आणि ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ पाचवा? हे मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलोय.

ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीबद्दल वाद नाही. मेणबत्ती घेऊन जिन्यावर उभा राहतो तो क्षण अमरच. पण गोष्ट लंडनला पोचली की सिनेमा दिवाणखान्यातून हलत नाही. लांडगा पळाला, हेसुद्धा कुणीतरी खिडकीतून बघून आपल्याला सांगतं! त्याच सेटवर रात्रपाळीत चित्रित झालेला १९३१ चा स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ बघ. कॅमेरा किती मोकळा फिरतो त्यात! नायकाला मात्र लुगोसीची सर नाही. माझ्या यादीत ‘ड्रॅक्युला’ चौथा.

माझा निकष एकच. राक्षसाची भीती वाटता वाटता त्याची कणव यायला लागली पाहिजे. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तळ्याकाठची ती पोर आठव. फुलं तरंगतात, मग हीसुद्धा तरंगेल, असं त्या बिचाऱ्या राक्षसाला वाटतं आणि तो तिला पाण्यात टाकतो. सेन्सॉरने नेमकं तेवढंच कापलं. त्यामुळे कित्येक वर्षं लोकांना दिसायचं ते मुलीकडे पुढे झालेले त्याचे हात, आणि नंतर तिचं प्रेत उचलून चाललेला बाप. मधलं काय झालं असेल याची कल्पना जो तो करणार, आणि ती वाईटच असणार. निष्पाप चूक होती, तिचं पाप झालं कात्रीमुळे. हा तिसरा.

पहिला ‘ब्राइड’च, १९३५ चा. राक्षसाने बोलावं हे राक्षस झालेल्या खुद्द बोरिस कार्लॉफला पसंत नव्हतं. पण आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीतला प्रसंग त्या बोलण्यावरच उभा आहे. म्हातारा व्हायोलिन वाजवतो, त्याला पाव देतो, ‘मित्र’ हा शब्द शिकवतो. त्याचा चेहरा पाहू न शकणारा माणूस तेवढा त्याला माणूस म्हणून वागवतो, आणि डोळे असलेले दोन शिकारी आले की घर पेटतं. शेवटी त्याच्यासाठी घडवलेली वधूसुद्धा त्याला बघून किंचाळते. त्यानंतरचा त्याच्या गालावरचा अश्रू पाहून तुला काहीच झालं नाही?

दुसरा १९५४ चा ‘गोजिरा’, म्हणजे मूळ जपानी ‘गॉडझिला’. तुझ्या यादीत तो नाहीच, हे मला सर्वांत जास्त लागलं. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. सिनेमाही बोट बुडण्यापासूनच सुरू होतो. जळत्या टोकियोत एक आई पोरांना कवटाळून सांगते, आता आपण बाबांकडे जाणार. दिग्दर्शक इशिरो होंडाने युद्धानंतरचं हिरोशिमा स्वतः पाहिलं होतं. ते तिथे दिसतं.

‘इन्व्हिजिबल मॅन’ पाचवा. ‘वुल्फ मॅन’ आणि ‘ममी’ त्याच्या मागे, कुठल्याही क्रमाने. ‘किंग काँग’वर वेगळं पत्र लिहावं लागेल.

‘गोजिरा’ बघशील तेव्हा मूळ जपानी प्रतच शोध. १९५६ ची अमेरिकन प्रत नको. तिच्यात अमेरिकन वार्ताहर घुसवलाय आणि बॉम्बबद्दलचं बरंचसं बोलणं उडवलंय. बघून झालं की नवी यादी पाठव.

तुझा,
अविनाश