पाण्यात गाडी घालायची की नाही, बडोद्याचा हिशोब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात गाडी कशी चालवावी यावर आपल्या पेपरात सूचना आल्या होत्या त्याबद्दल लिहितोय. पहिल्या गिअरमध्ये जा, मध्ये गिअर बदलू नका, ॲक्सिलरेटर सोडू नका, बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून सुकवा, हे सगळं बरोबरच आहे. पण "आधी पाण्यातनं चालत जाऊन खोली बघा" हा सल्ला ज्या गावाहून आलाय तिथल्या नदीत मगरी नसणार. आपल्या विश्वामित्रीत आहेत, ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या आणि अकोटा भागात तर एक चक्क घराच्या छपरावर बसलेली सगळ्यांनी मोबाईलवर बघितली. मगर एक वेळ सोडा, पाणी लवकर उतरावं म्हणून गटाराची झाकणं कोणी ना कोणी काढून ठेवतंच आणि गढूळ पाण्यात ते भोक काही दिसत नाही. म्हणजे बडोद्यात खोली उतरून नाही तर काठावरूनच बघायची, उभ्या गाडीचं चाक किती बुडालंय, डिव्हायडरचा पट्टा दिसतोय का, समोरून येणाऱ्या रिक्षाला पाणी कुठपर्यंत लागतंय.

आता गंमत बघा, आजवा तलावाची पातळी आज किती आणि काळा घोडा पुलाखाली नदी किती फुटांवर हे आपल्याकडे शाळेतलं पोरगंही सांगतं, धोक्याची पातळी २६ फूट हे तर पाठच. पण स्वतःच्या गाडीचं इंजिन हवा कुठून ओढतं हे विचारा, गप्प! बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्याचा पाईप कुठे जातो ते बघायला दोन मिनिटं लागतात. बऱ्याच गाड्यांत त्याचं तोंड पुढच्या जाळीच्या मागे, हेडलाईटच्या आसपास असतं आणि इंजिनात पाणी शिरतं ते तिथूनच. टेप लावून जमिनीपासून उंची मोजा, पण तेवढ्या पाण्यात जाता येईल असं धरू नका, कारण गाडी पुढे सरकते तशी बंपरपुढे लाट चढते आणि समोरून बस आली की तिची लाट वेगळी. छोट्या गाडीला चाकाचा मध्य साधारण एक फुटावर येतो, पाणी तिथवर पोचलं की मी तरी गाडी वळवतो, मागचे कितीही हॉर्न मारोत.

एक फूट म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद गाडीचा तळ पाच चौरस मीटरच्या वर होतो. तो तळ २० सेंटीमीटर बुडाला की हजार किलो पाणी बाजूला सारलं जातं आणि गाडीचं वजन असतं आठशे-नऊशे किलो. पाणी आत शिरायला वेळ लागतो तोवर गाडी उचलली जाते, आणि पूर्ण तरंगायच्या आधीच टायरची पकड गेलेली असते. पाणी वाहतं असेल तर मग स्टिअरिंग कुठेही फिरवा. म्हणून ढाढर, देव या नद्यांवरचे कॉझवे पाण्याखाली असले की तिकडे जायचंच नाही, फूटभर असो की अर्धा फूट. कठडा नाही, कड दिसत नाही, खालचा रस्ता शाबूत आहे का वाहून गेलाय ते वरून कळत नाही. मोठ्या एसयूव्हीवाल्यांना वाटतं आपलं चालतं, थारची पाण्यातली मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते हे खरंय पण तो आकडा इंजिनाचा, पुराच्या ओढीचा नाही.

गरनाळ्यांचं, म्हणजे रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्यांचं, वेगळंच. अलकापुरीचं गरनाळं एका जोरदार सरीत भरतं हे जुनंच दुखणं, पण रस्ता उतरता असल्यामुळे तोंडाशी घोटाभर दिसणारं पाणी मध्ये छातीएवढं असू शकतं. भिंतीवर फुटांचे ठळक आकडे रंगवा, खालून वरपर्यंत, रात्री हेडलाईटमध्ये चमकतील असे, एवढीच कॉर्पोरेशनकडे मागणी आहे. बॅरिकेड लोक सरकवून जातात, भिंतीवरचा आकडा कोण सरकवणार? पेपरनेही हे लावून धरावं.

पाण्यात गाडी बंद पडलीच तर परत सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, ते सिलिंडरमध्ये असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. पॉवर विंडो चालतायत तोवर काच खाली घ्या, बेल्ट काढा आणि बाहेर पडा. काच फोडायची वेळ आली तर बाजूची, पुढची लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली असते, ती फुटली तरी सुटत नाही.

आणि आपल्याकडे पूर पावसाबरोबर येईलच असं नाही. वरचं पाणी, पावागढकडचं, मागाहून उतरतं, २०२४ ला पाऊस ओसरला तरी नदी ३५ फुटांच्या वर होती आणि बेसमेंटमधल्या गाड्या जागेवर बुडाल्या. नंतर लोक फ्लायओव्हरवर गाड्या लावायला लागले, वाहतुकीला त्रास झाला असेल पण मला तरी त्यांचं चुकलं असं वाटत नाही. बुडालेली गाडी चावी फिरवून बघायचा मोह होतोच, नका करू, बॅटरीची वायर काढा आणि टो करून न्या. गॅरेजवाला आधी डिपस्टिक ओढून बघतो, ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं की त्यात पाणी गेलं. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान मिळतं पण पाण्यात सेल्फ मारून बिघडलेलं इंजिन बहुतेक नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं आणि ते रिन्यूअलच्या वेळी मागा, नदी वाढल्यावर नाही. गाडी हलवायच्या आधी, पाणी कुठवर चढलंय ते दिसेल असे फोटो काढून ठेवा.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे