बाबूस पत्र

देवगड,
श्रावणातला सोमवार

प्रिय बाबू,

परवा आपण फोनवर बोलत होतो आणि मध्येच तुझा लायटर वाजला. तू झुरका घेतलास, थोडा खोकलास आणि मग म्हणालास, "हां, बोल." त्यापुढे मी काय बोललो ते मलाच आठवत नाही. नंतर तू विचारलंस, "तू सोडलीस कशी रे?" आणि तेवढ्यात तुझी लोकल आली. बरंच झालं. याचं उत्तर फोनवर देता आलं नसतं, कारण त्यात एक गोष्ट अशी आहे जी मी तुझ्यापासून लपवली.

तुला वाटतं, मी लॉकडाऊनमध्ये सिगरेट सोडली ती सोडलीच. खरं आहे ते निम्मंच. जून २०२० मध्ये सोडली आणि अकरा महिने शिवलो नाही. दिवसाला पंधरा ओढणारा माणूस अकरा महिने कोरडा राहिला, म्हणून तू केवढा खूश झाला होतास. ऑफिसात चारजणांना माझं नाव सांगितलंस.

मग तौक्ते चक्रीवादळ आलं. १६ मे २०२१, रविवार. त्या वाऱ्याचं तुला पूर्वीही सांगितलंय. झाडावर अजून निम्मा माल होता. सकाळी बागेत गेलो तर पायाखाली सगळा आंब्यांचा सडा, आणि बाबांनी लावलेली दोन कलमं मुळासकट आडवी. मी एका खोडावर बसलो. शेजारचा बागवाला आला, त्याचंही तेच झालं होतं. तो काही बोलला नाही, नुसतं पाकीट पुढे केलं. मी एक घेतली.

बाबू, त्या एका सिगरेटने मला काहीही दिलं नाही. डोकं गरगरलं, घसा जळला. पण संध्याकाळी मीच त्याच्याकडे गेलो. आठवड्याभरात टपरीवरून स्वतःचं पाकीट आणलं. तुला सांगायची लाज वाटली. तू फोनवर विचारायचास, "अजून सोडलेलीच आहे ना?" आणि मी "हो" म्हणायचो. वर्षभर म्हणत राहिलो. त्याबद्दल तुझी माफी मागतो.

हे आधी सांगितलं, कारण माझ्या सुटण्याचं मूळ तिथेच आहे. पहिल्या वेळी मी समजत होतो की सिगरेट सोडणं म्हणजे पाकीट सोडणं. अकरा महिने झाले म्हणजे आता एखादीने काय होतंय, हे मनात कुठेतरी बसलेलं होतं. वादळ नसतं आलं तर ते एखाद्या लग्नात उफाळलं असतं. दुसऱ्या वेळी ठरवलं ते एवढंच: पहिली ओढायची नाही. दुसरी, तिसरी, पाकीट, त्यांचा विचारच करायचा नाही.

ती गेली जून २०२२ मध्ये, आणि जून मी मुद्दाम निवडला. आंब्याच्या हंगामात सोडायला बसलो असतो तर टिकलो नसतो. पेट्या भरून रात्री वाशीच्या ट्रकची वाट बघायची, तेव्हा हातात तीच असायची. जूनमध्ये बाग शांत असते. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे बंदरावरच्या चहाच्या टपरीवरही गर्दी नसते. तूही तुझी तारीख अशीच बघ. ऑफिसात मार्च एंडिंगची धावपळ असते तेव्हा सुरू करू नकोस.

पाकिटावर त्या फोटोशेजारी एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. इतकी वर्षं तो माझ्या खिशात होता, मी कधी वाचला नव्हता. टोल फ्री आहे. मी लावला. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. दिवसाची पहिली कधी ओढता, कुठल्या वेळी सर्वांत जास्त आठवते, असं विचारलं आणि तारीख ठरवून घेतली. मग डॉक्टरांना विचारून दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम घेतला. तो साध्या च्युइंगगमसारखा चघळायचा नाही. मी तसाच चघळला आणि दिवसभर उचक्या लागल्या. दोन-चार वेळा चावायचा, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. चहा-सरबत पिऊन लगेच तोंडात टाकायचा नाही.

दुसरा-तिसरा दिवस वाईट होता, ते तुझ्यापासून लपवत नाही. झोप नाही, पोट साफ नाही, तोंड आलं. बायकोवर भाताच्या पातेल्यावरून ओरडलो. ती काही बोलली नाही, पेज वाढून समोर ठेवली. दुसऱ्या आठवड्यात खोकला उलट वाढला तेव्हा मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, धुराने निपचित पडलेली फुप्फुसांची झाडलोट पुन्हा सुरू झाली आहे, कफ सुटू दे. महिन्याभरात तो खोकला गेला. वजन चार किलो वाढलं, ते अजून आहे.

तलफेचं मात्र नीट ऐक. डॉक्टरांनी मला एक गोष्ट समजावली आणि माझे डोळेच उघडले. निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. ते उतरलं की जीव कासावीस होतो, आणि पुढची सिगरेट तो कासावीसपणा मिटवते. आपण म्हणतो, हिने शांत वाटलं. अरे, अस्वस्थ केलं ते आधीचीनेच! चोवीस वर्षं मी तिला सोबतीण समजत होतो.

आणि तलफ थांबते, बाबू. ओढली नाही तरी थांबते. चार-पाच मिनिटांत ओसरते. तलफ आली की मी कळशी घेऊन विहिरीवर जायचो. पंप असताना पाणी शेंदतोय म्हणून शेजारी बघत राहायचे. कळशी भरून पायरीपर्यंत येईतो ती गेलेली असायची. पहिल्या दिवसांत अशा किती कळश्या भरल्या त्याची गणती नाही.

चहा सगळ्यांत कठीण. चहा आणि ती यांची गाठ मला सोडवता येईना, म्हणून दीड महिना चहाच बंद ठेवला. सकाळी पेज, दुपारी कोकमाचं सरबत. हातांना काहीतरी हवं असायचं, म्हणून खिशात मीठ लावून भाजलेल्या फणसाच्या आठळ्या. दुपारी बंदरावर जाऊन जाळी दुरुस्त करायला बसायचो. तिथल्या एका होडीच्या तांडेलाने मला गाठ मारायला शिकवलं. त्याला स्वतःला तंबाखू लागते, पण ते दोन महिने त्याने माझ्यासमोर पुडी काढली नाही. न सांगता. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आता तुझं. तू म्हणालास, "माझं बीपी आहे, व्हायचं ते झालंच असेल, आता सोडून काय उपयोग?" हे मला मान्य नाही. शेवटच्या सिगरेटनंतर वीस मिनिटांत नाडी आणि रक्तदाब उतरायला लागतात. बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो. वर्षभरात हृदयविकाराचा धोका ओढत राहणाऱ्याच्या जवळपास निम्मा होतो. पंचवीस वर्षं ओढलेल्यालाही हे मिळतं. तुला मिळावं असं मला फार वाटतं. आपल्या वर्गातले दोघं गेले, बाबू. मला तिसरा फोन यायला नको.

एक गोष्ट राहिली. पूर्वी आढीतला आंबा तयार झाला का, हे मी बायकोला विचारायचो. ती पेंढा बाजूला करायची, वास घ्यायची आणि सांगायची, उद्या, की परवा. बाग माझी, आणि मला माझ्याच आंब्याचा वास कळत नव्हता. २०२३ च्या एप्रिलात एका पहाटे मी खोलीचं दार उघडलं आणि दारातच कळलं, खालच्या थरातला माल झाला. तिला उठवलं. तिने हात घालून बघितला आणि म्हणाली, "झालो." मी तिथेच पेंढ्यात बसून राहिलो.

चवथीक येतोयस ना? तेव्हा सोडायची घाई करू नकोस. रात्री भजनं, आल्यागेल्याला चहा, सगळ्यांच्या खिशात पाकिटं. विसर्जनानंतर मात्र दहा दिवस रजा घे आणि इथेच राहा. पावसाचा जोर कमी झालेला असतो. बागेत गवत काढायचं काम आहे, विहीर आहे, कळशी आहे. तू चिडलास तर माझ्यावर चीड, वहिनींवर नको. आणि मुंबईला परतल्यावर रात्री दोन वाजता तलफ आली तरी मला फोन लाव. चार-पाच मिनिटं बोलत राहू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
भाई

ता. क. खालच्या आळीतला मुलगा उद्या मुंबईला निघालाय, त्याच्याबरोबर आठळ्यांची पिशवी पाठवतोय. मंद आचेवर भाज आणि मीठ गरम असतानाच लाव.