रात्री दोनला जागा असलेला माणूस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू गेलीस आणि दार लावताना लक्षात आलं, की 'पोचलीस की कळव' एवढंही मी म्हटलं नाही. 'एवढं मानसशास्त्र शिकलीस ते लोकांना गळाला लावायला?' हे वाक्य तोंडातून जायला नको होतं. तू उलट बोलली नाहीस. चार्जरची वायर गुंडाळलीस, सोडलीस, परत गुंडाळलीस. ते डोळ्यांसमोरून जात नाही. बाबा म्हणाले, फोन कर. पण फोनवर मी परत तेच बोलेन, म्हणून लिहिते आहे. तुझ्या जाहिरातीच्या नव्या नोकरीवर आज काही लिहायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे.

तुझी निळी वही आजीच्या खोलीत, खिडकीत राहिली. मी ती वाचली. न विचारता वाचली, हवं तर रागाव. 'ळ'चं पोट अजून तसंच मोठं काढतेस. काय काय टिपून ठेवलं आहेस गं! १९६८मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं, की अर्थ नसलेला शब्दही वारंवार डोळ्यांखालून गेला की माणसाला तो आवडायला लागतो. त्याखाली तू लिहिलंस, 'म्हणून जाहिरात पुन्हा पुन्हा. पण किती वेळा? नंतर वीट येतो.' हा प्रश्न तुझा स्वतःचा आहे, हे मला लगेच कळलं. आणि पहिल्या तीन सेकंदांत फोनवर सरकणारा अंगठा थांबला नाही तर पुढचं सगळं वाया, हे वाचून तर मला माझे तास आठवले. मीही धड्याच्या आधी फळ्यावर एक प्रश्न लिहायचे आणि उत्तर तास संपताना द्यायचे. अर्धवट राहिलेली गोष्ट मनाला टोचत राहते, म्हणून मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी राहायची. तेव्हा मला कोणी फसवणूक म्हटलं नाही. मग तुला मी का म्हणावं?

हे सगळं मला मान्य आहे. तरी तुझ्या वहीतल्या वॉटसनपाशी मी अडकले. जॉन वॉटसन, अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ, १९२०. वर्षाच्या आतलं बाळ. त्याच्यापुढे पांढरा उंदीर ठेवायचा आणि बाळाने हात लावला की मागून पोलादी दांड्यावर हातोडा हाणायचा. काही वेळा असं झाल्यावर बाळ नुसता उंदीर दिसला तरी रडायला लागलं. त्याच वर्षी या माणसाला विद्यापीठ सोडावं लागलं आणि तो जाहिरातीच्या धंद्यात शिरला. तिथे त्याचं फार चांगलं चाललं. तू समासात 'भीती विकते' असं लिहून खाली रेघ मारली आहेस. मनू, त्या बाळाची भीती नंतर कोणी घालवली नाही. ती तशीच ठेवून त्याला घरी जाऊ दिलं.

बघ, आलेच मी तिथे. आता आलेच आहे तर सांगून टाकते, कारण हे मी बाबांनाही सांगितलेलं नाही.

बाबांच्या दुखण्याच्या त्या दिवसांत मी रात्री त्यांच्या उशाशी बसायचे. त्यांचा श्वास मोजत, हातात फोन. एकदा दुखण्याचं नाव टाकून काही शोधलं. दुसऱ्या दिवसापासून काहीही उघडलं तरी तेच समोर. एक हसरी बाई म्हणायची, 'तुमच्या माणसासाठी अजून उशीर झालेला नाही.' खाली लाल आकड्यांत घड्याळ उलटं पळत होतं. दोन तास, एकोणसाठ मिनिटं, अठ्ठावन्न. 'फक्त तीन शिल्लक.' रात्रीचे दोन वाजले होते. मला अक्कल नव्हती असं नाही. पण त्या क्षणी मला एवढंच वाटलं, की हे मागवलं नाही आणि उद्या काही झालं, तर मी स्वतःला काय सांगू? मागवलं. सकाळी पुन्हा पाहिलं, तर घड्याळात परत तीन तास होते आणि शिल्लकही तीनच.

ते असं का होतं, हे मला तुझ्या वहीतून कळलं. कानेमान आणि ट्वर्स्की, दोघे मानसशास्त्रज्ञ, १९७९. मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख जास्त बोचतं. आणि १९७५चा तो बरणीचा प्रयोग. बिस्किटं तीच, पण बरणीत दहाऐवजी दोनच असली की लोकांना ती जास्त हवीशी वाटतात. म्हणजे त्या रात्री कोणीतरी हे दोन्ही धडे चांगले शिकून माझ्यासमोर बसलं होतं. फक्त मी त्याला दिसत नव्हते. एवढंच मला तू निघालीस तेव्हा तुला सांगायचं होतं आणि मी भलतंच बोलले.

तू म्हणशील, आई, आम्ही तसलं करत नाही. माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण तुझ्यासमोर पडद्यावर आकडे असणार. कोणती जाहिरात किती जणांनी दाबली, अ चांगली की ब. त्या आकड्यात रात्री दोनला जागा असलेला माणूस वेगळा दिसत नाही. उलट तोच सगळ्यात पटकन दाबतो, म्हणून तोच यशस्वी दिसतो. २०१२मध्ये फेसबुकवर ६,८९,००३ लोकांसमोर येणारा मजकूर आठवडाभर थोडा आनंदी किंवा थोडा उदास केला होता, त्यांची वेगळी परवानगी न घेता. २०१४मध्ये ते छापून आलं. परिणाम अगदी बारीक निघाला, हे तूच लिहिलं आहेस. माझं मन त्या बारीक परिणामावर नाही, त्या आठवड्यात आधीच खचलेलं कोण होतं, त्यावर आहे.

घड्याळ दाखवायचं असेल तर ते खरंच संपणारं असू दे. तीन उरले म्हणालात तर तीनच असू देत. दुखणं शोधणाऱ्याच्या मागे तेच तेच लावू नका, आणि जाहिरात बंद करायची फुली नखाएवढी करून कोपऱ्यात लपवू नका. तुझ्या वरिष्ठांसमोर हे बोलायची वेळ आली तर बोल. पहिल्याच महिन्यात नको, पण बोल. झाला माझा तास सुरू. माफ कर. हे सगळं तुला माझ्या आधीपासून माहीत आहे.

पहिलीत असताना तू घरी येऊन पाय आपटलेस, 'ती चुंबकाची कंपासपेटी सगळ्यांकडे आहे!' मी म्हटलं, सगळ्यांकडे म्हणजे कोणाकोणाकडे, नावं सांग. तू बोटं मोजायला लागलीस आणि तिसऱ्या बोटावर थांबलीस. मग स्वतःच म्हणालीस, 'तीन जणांकडे.' रडली नाहीस. आपण खोटं बोललो याचंच तुला वाईट वाटलं होतं. वहीत 'लोक करतात तेच लोक करतात' या पानावर मला ती तिसऱ्या बोटावर थांबलेली मुलगी दिसली. हॉटेलातल्या टॉवेलांचा प्रयोगही तिथेच आहे. 'या खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी टॉवेल पुन्हा वापरला' असं लिहिल्यावर पर्यावरणाच्या विनवणीपेक्षा जास्त जणांनी तो वापरला. हे मला फार आवडलं. हीच विद्या, आणि कोणाच्या उरावर घड्याळ नाही. असं काही केलंस की मला मुद्दाम पाठव, मी आजीला वाचून दाखवेन.

झोपत जा. दादा म्हणतो, तुमच्या कामात रात्रीही आकडे बघत बसतात. त्या फोनने तुलाही जागं ठेवू नये. जाहिरात बनवणाऱ्याच्या हातात फोन वेगळा नसतो.

वही पाठवत नाही, तू ने. वॉटसनच्या पानावर मी पेन्सिलने काही लिहिलं आहे. नको असेल तर खोडून टाक. आणि ते मागवलेलं खोकं माळ्यावर आहे, जुन्या पेटीच्या मागे. वरची चिकटपट्टी अजून तशीच आहे. आलीस की बाबा बाहेर गेलेले बघून तुला दाखवते.

पोचल्याचं कळवलं नाहीस.

तुझी,
आई