नागिणीनंतरचं दुखणं राहूनच गेलं

संपादक महोदय, पेन क्लिनिकवरचा, म्हणजे दुखण्यावरच उपचार करणाऱ्या दवाखान्यांवरचा, तुमचा रविवारचा लेख वाचला, पटलाही, पण नागिणीनंतरच्या दुखण्याचा त्यात उल्लेखच नाही. फोड वाळले तरी नस दुखतच राहते, आमच्या आईला ब्लाउज नुसता घासला तरी पाठीत कळ यायची आणि फॅमिली डॉक्टर आपले साध्या पेनकिलर लिहून देतायत, ज्या नसेच्या दुखण्यावर फारशा चालतच नाहीत, वर किडनीची काळजी वेगळी. पेन क्लिनिकमध्ये गॅबापेंटिन हे नसेच्या दुखण्यावरचं औषध कमी डोसपासून हळूहळू वाढवलं, त्वचेवर चिकटवायचा, जागा बधिर करणारा लिडोकेनचा पॅच दिला, नाहीच भागलं तर नर्व्ह ब्लॉक करू, म्हणजे इंजेक्शनने नस बधिर करू, म्हणाले.  3 महिन्यांवर गेलेल्या दुखण्याला 'वय झालं आता' म्हणू नका, पेशंटला पेन क्लिनिककडे वेळेत पाठवा, एवढंच डॉक्टरमंडळींना सांगणं आहे.

– एक वाचक, सातारा