1931 ची आवृत्ती सांगून 1958 नंतरची प्रत पाठवल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जुनी व दुर्मिळ पुस्तके विभाग

विषय: आर्थर रॅन्सम यांच्या ‘स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स’ या पुस्तकाचे चुकीचे वर्णन आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मागवलेले वरील पुस्तक मला मिळाले. त्याचे वर्णन आपण असे दिले होते: ‘जोनाथन केप, लंडन, 1931. क्लिफर्ड वेब यांची चित्रे. मूळ जॅकेटसह. सर्व पाने शाबूत.’ त्यावर विश्वास ठेवून मी रु. 18,500 भरले. प्रकाशकाचे नाव सोडले, तर यातली एकही गोष्ट हातात आलेल्या प्रतीला लागू होत नाही.

मुलांसाठीची ही इंग्रजी कादंबरी 1930 साली निघाली. चित्रांसाठी स्टीव्हन स्परियर यांना नेमले होते, पण त्यांची चित्रे रॅन्समना पसंत पडली नाहीत. त्यामुळे स्परियर यांचे जॅकेट (पुस्तकावरचे सुटे कागदी वेष्टन) आणि नकाशा तेवढे राहिले आणि आतला मजकूर चित्रांविनाच छापला गेला. 1931 मध्ये क्लिफर्ड वेब यांच्या चित्रांची आवृत्ती आली. पुढे याच मालिकेतल्या ‘पीटर डक’पासून (1932) रॅन्सम स्वतःच चित्रे काढू लागले आणि 1938 मध्ये या पहिल्या पुस्तकातली वेब यांची चित्रे काढून तिथे त्यांनी आपली घातली. म्हणजे वेब यांच्या चित्रांची प्रत हवी असेल, तर ती त्या सातेक वर्षांतलीच शोधावी लागते. एकच गोष्ट निरनिराळ्या हातांनी कशी रंगवली गेली, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता यावे म्हणून मी या आवृत्त्या जमवते. रॅन्सम यांच्या चित्रांची प्रत माझ्याकडे आधीपासूनच आहे. आपण मला तीच पुन्हा पाठवली आहे.

चित्रे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. रॅन्सम यांच्या चित्रांतली मुले बहुधा पाठमोरी असतात, चेहरे फारसे दिसत नाहीत. आपण पाठवलेल्या प्रतीत सगळीकडे तीच पाठमोरी मुले आहेत. शिवाय सुरुवातीला लेखकाचे 1958 चे मनोगत छापलेले आहे. मूळ अर्पणपत्रिकेत ‘ज्या सहा जणांसाठी, चपलांच्या जोडीच्या बदल्यात हे लिहिले’ त्यांचा उल्लेख होता. इंग्लंडमधल्या कॉनिस्टन सरोवरावर 1928 च्या उन्हाळ्यात शिडाच्या होड्या चालवणाऱ्या, रॅन्सम यांच्या मित्राच्या अल्टूनियन कुटुंबाकडे तो रोख होता. या प्रतीत ती अर्पणपत्रिका नाही. 1958 चे मनोगत 1931 च्या पुस्तकात असूच शकत नाही, एवढे तरी विक्रीला लावणाऱ्याने पाहायला हवे होते.

शीर्षकपानाच्या मागे ‘प्रथम प्रकाशन 1930’ या ओळीखाली पुनर्मुद्रणांची लांबलचक यादी आहे. आपल्या फोटोत फक्त वरची ओळ दिसते, खालची यादी बोटाखाली झाकली गेली आहे. जुन्या पुस्तकाची किंमत ठरते ती याच पानावर. ते पूर्ण न दाखवता पुस्तक विकणे मला गैर वाटते.

जॅकेटही मूळ नाही. पाठीजवळ एक चीर दिसते, पण बोट फिरवले तर कागद सलग लागतो. कारण ती चीर छापलेली आहे! कुठल्या तरी जुन्या जॅकेटचा स्कॅन गुळगुळीत नव्या कागदावर काढलेला आहे. अशी नक्कल जॅकेटे संग्राहक वापरतात, त्यात वावगे काही नाही, मात्र ‘नक्कल’ असे लिहून विकायची असतात.

सर्वांत जिव्हारी लागले ते नकाशाचे. पुढच्या पुठ्ठ्याच्या आतल्या नकाशाचे सुटे अर्धे पान ब्लेडने कापून काढलेले आहे. कडेला सरळ रेघेत उरलेली पट्टी स्पष्ट दिसते. गोष्टीतल्या मुलांनी बेटाला, गावाला, किनाऱ्याला स्वतःची नावे दिली आणि ती या नकाशावर लिहिलेली आहेत. होडी कुठून कुठे चालली हे पाहायला वाचणारा दर प्रकरणाला तिथे परत येतो.

आपल्या प्रतिनिधींना फोन केला तेव्हा ‘गोष्ट तीच आहे ना, मॅडम’ आणि ‘व्हिंटेज माल परत घेत नाही’ अशी दोन उत्तरे मिळाली. गोष्ट तीच हवी असती, तर नवी प्रत काही शे रुपयांत मिळते. आपण माझ्याकडून पैसे घेतले ते वर्षाचे, चित्रांचे आणि जॅकेटचे. दुसरे उत्तर तर कायद्यालाच धरून नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे.

तरी पुस्तक आपल्या खर्चाने परत न्यावे आणि टपालखर्चासह पूर्ण रक्कम माझ्या खात्यावर जमा करावी. बदली प्रत किंवा कूपन नको. या पुस्तकाची जाहिरात दुरुस्त करावी. एनिड ब्लायटन यांच्या ‘फेमस फाइव्ह’ या बालकथा मालिकेतले 1942 चे पहिले पुस्तकही आपण अशाच अर्धवट फोटोवर ‘पहिली आवृत्ती’ म्हणून लावले आहे, तेही तपासावे. यापुढे प्रत्येक जुन्या पुस्तकाच्या शीर्षकपानामागची बाजू पूर्ण दिसेल असा फोटो द्यावा.

मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
एक ग्राहक, नाशिक

सोबत: बिलाची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मनोगत, पुनर्मुद्रणांची यादी, जॅकेट व कापलेल्या नकाशाचे फोटो